फ्रिजमधला दिवा

फ्रिजमधल्या दिव्याला हात लागला आणि अंधारकाकांना चटका बसला. दार उघडून क्षणही झाला नव्हता. एवढ्यात दिवा तापेल कसा?

प्रयोगशाळेतला अंधार सांभाळायचा, हे काकांचं काम. खिडक्यांना काळा कागद, दाराच्या फटींना पट्ट्या. म्हणून हे नाव. इथं संशोधन करणाऱ्या मॅडमचं औषध होतंच तसं नाजूक. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत कोंडलेलं. उजेड पडला की सुटलंच. कॅन्सरच्या गाठीवर तेवढा उजेड टाकायचा, औषध तिथंच सुटणार, बाकीच्या अंगाला झळ नाही. काकांच्या बायकोच्या वेळी असं काही नव्हतं. तिचं औषध गाठीला कमी आणि तिलाच जास्त भोवलं. काकांच्या मनातून ते कधी गेलं नाही.

पण पाच बाटल्या फुकट गेल्या होत्या. दर वेळी औषध आधीच सुटलेलं. सहावी शेवटची, ती फसली की सोमवारी कामाला टाळं.

इथं येण्याआधी काकांनी वीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले होते. त्यांनी दारातली कळ दाबून पाहिली. अडकलेली. म्हणजे दार लावलं तरी आत रोषणाई चालूच.

"मॅडम, चोर घरातच होता."

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे हीपण गेली."

"नाही गेली. ही बाटली किणकिणत होती, म्हणून पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवलीय मी."

जाड, काळा, लोकरी रुमाल, दुहेरी केलेला. केस गेल्यावर बायको डोक्याला बांधायची तोच. ती गेल्यापासून तो काकांच्या डब्याच्या पिशवीत असायचा.

बशीत गाठीच्या पेशी होत्या. औषध घातलं, अर्ध्या बशीवर काळा कागद ठेवला. मॅडमनी खूण केली आणि बशीवरच्या दिव्याचं बटण काकांनीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघत बसल्या आणि काकांचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी काकांनाच हाताला धरून पुढं ओढलं. उजेडातल्या पेशी मेलेल्या, अंधारातल्या ठणठणीत, मधे सरळ रेघ. साठीच्या माणसानं नाचू नये म्हणतात, पण काकांनी स्टुलाभोवती एक गिरकी घेतलीच.

मॅडमनी रुमालाची घडी घालून पुढं धरली. "काका, हा आता घरी न्या. जपून ठेवा."

काकांनी तो क्षणभर गालाला लावला. गार होता.

"राहू दे इथंच. सातवी बाटली येईल ना," ते म्हणाले, आणि दिवा काढलेल्या फ्रिजमध्ये त्यांनी तो हळूच ठेवला.