पाठीमागचा समुद्र

देशाचा नकाशा वर्गात टांगला की मुले आधी हसत. कागदभर निळाई, आणि तिच्यावर माशी बसून उडाल्यासारखे तेहेतीस ठिपके. रेरेआओ त्यांतल्या एखाद्या बेटावर खडू टेकवी, तेव्हा खडूखाली ते बेट अख्खे बुडून जाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके पाणी, की एकेकाळी इकडे आज उजाडलेला असे तेव्हा तिकडे कालच चाललेला असे. ‘आपला देश जमिनीचा नाही, अंतरांचा आहे,’ हे वाक्य तिला रोज सुचे, आणि रोज ती ते मुलांना न सांगता गिळून टाकी.

अशा अंतरांतच तिच्या घराची तीन आयुष्ये सांडली होती. तिचे आजोबा तेबाऊ ओनोतोआ हे आपले बेट सोडून दूर पूर्वेला, ओरोना बेटावर वस्तीला गेले. तिथे पावसाने पाठ फिरवली, विहिरी खारावल्या, आणि सगळ्या वस्तीला उचलून सॉलोमनमध्ये, परक्या लोकांच्या बेटांवर, नेण्यात आले. तिचे वडील तेव्हा आठ वर्षांचे. सॉलोमनमध्ये ते वाढले, म्हातारे झाले आणि वारले. पण तिथल्या माणसांच्या लेखी अखेरपर्यंत ‘बाहेरचे’च राहिले. तीही तिथलीच, बाहेरची म्हणून जन्मलेली. वडील गेल्यावर तिने अर्ज केला आणि मास्तरीण होऊन ओनोतोआला आली. त्याला आज तीन आठवडे झाले होते.

आणि आज तिला मानेआबात बसायचे होते.

गावाचे ते सभाघर म्हणजे नुसते एक प्रचंड छप्पर. भिंती नाहीत, पाखी इतकी खाली उतरलेली, की गावच्या म्होरक्यालाही कमरेत वाकूनच आत यावे लागे. आत प्रत्येक घराण्याची बैठक ठरलेली: अमुक वाशाखाली, अमुक दिशेला. माणूस दुसऱ्या बेटावर गेला तरी तिथल्या छपराखाली त्याच दिशेला त्याची बैठक असे. बेट बदले, वासा बदलत नसे. ज्याची बैठक नाही तो पाहुणा. पाहुण्याला पहिला नारळ मिळतो, मऊ चटई मिळते. फक्त शब्द मिळत नाही आणि काम मिळत नाही. चाळीस वर्षे पाहुणी राहिलेल्या रेरेआओला आता मऊ चटई नको होती.

बैठकीचे नाव मात्र वडिलांना आठवत नव्हते. इथून ओरोनाला गेलेले तेबाऊ नावाचे पुरुष तीन होते. त्यांतले तिचे कोणते, हे गावातही कुणाला सांगता येईना. वडिलांजवळ उरली होती ती एका मुलाची आठवण: बापाच्या मांडीला टेकून बसलो होतो, पाठीमागे समुद्र फुटत होता.

ती वाकून आत शिरली. केवड्याच्या चटयांवर माणसे बसू लागली होती. तिने क्षणभर डोळे मिटले. पूर्वेच्या बाजूने खडकावर फुटणाऱ्या लाटांची गाज येत होती, जड, एकसंध, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. ती त्या बाजूला गेली आणि गाज पाठीशी घेऊन बसली. पाठीच्या कण्यातून तो आवाज वर चढला. आजोबांची बैठक इथेच असणार, असे तिला वाटले.

तेवढ्यात सभाघरातली कुजबुज एकेका वाशाखाली विझत गेली.

“बाई,” समोरच्या, पश्चिमेच्या बाजूने तोआकाई म्हणाली. गावातली ही सर्वांत जहाल जिभेची म्हातारी. “आज पहिलं भाषण तुम्हीच करणार वाटतं? आम्हाला आधी कळवायचं, केस तरी विंचरून आलो असतो.”

दोघीतिघी पदराआड हसाव्यात तशा चटईकडे बघून हसल्या. रेरेआओने वर पाहिले. पाखीच्या कडेशी बाउरो उभा होता. सभेत पहिला शब्द ज्या घराण्याचा, त्याचा हा वडीलधारा. आणि त्याच्याच जागेवर ती बसली होती. ती उठू लागली.

“बस,” बाउरो म्हणाला. तो तिच्यासमोर मधल्या मोकळ्या जागेत टेकला. “कुणी सांगितलं तुला इथं बस म्हणून?”

“बाबांनी. म्हणजे ओरोनाला ते कुठं बसायचे ते सांगितलं होतं. पाठीमागं समुद्र फुटायचा म्हणाले.”

“पाठीमागं समुद्र. आणि समोर?”

“समोर आतलं पाणी. बेटाच्या कवेतलं, शांत.”

“ते झालंच,” तोआकाई म्हणाली. “बेटाच्या एका बाजूला बाहेरचं पाणी, दुसऱ्या बाजूला आतलं. कासवालासुद्धा ठाऊक असतं.”

“अगं, जरा दम धर,” बाउरो म्हणाला. “पोरी, अजून काय सांगायचे?”

रेरेआओने आठवून पाहिले. मरणाच्या आधी वडील तुकड्यातुकड्यांनी बोलत. “सकाळी फार त्रास व्हायचा म्हणाले. समोरचं आतलं पाणी चकाकायचं, डोळे उघडवत नसत. मग बापाच्या काखेत तोंड लपवायचे.”

बाउरोने मान तिरकी केली. “सकाळी?”

“सकाळीच.”

इथले आतले पाणी पश्चिमेला होते. ते चकाकते संध्याकाळी. सकाळी ते जस्तासारखे निस्तेज पडून असते, हे इथल्या रांगत्या पोराच्या डोळ्यांनाही माहीत होते.

“म्हणजे ओरोनाची वस्ती बेटाच्या पश्चिम टोकाला होती,” बाउरो हळूहळू म्हणाला. जणू तो अंधारात चाचपडत एक बेट हाताने शोधत होता. “तिथं बाहेरचा समुद्र पश्चिमेला, आतलं पाणी पूर्वेला. आपल्या बरोब्बर उलट. समुद्र पाठीशी असला तर तुझा बाप पश्चिमेला बसत होता. तू आवाजाच्या मागं आलीस, पोरी. बैठक आवाजाला बांधलेली नसते, दिशेला बांधलेली असते.”

मग तो पश्चिमेकडे वळला. “तिघांतला एक तेबाऊ तुमच्या वाशाखालचा होता ना गं?”

“माझ्या आईचा चुलत भाऊ,” तोआकाई म्हणाली. “गेला तेव्हा मी पोटात होते.”

तिने चटईवरची आपली तंबाखूची डबी उचलली, गुडघे आवळले आणि सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

रेरेआओ सगळे सभाघर ओलांडून गेली. त्या बाजूला गाज दूर होती, जवळजवळ नव्हतीच. पाठीमागे आतल्या पाण्याची नुसती ओलसर शांतता. वडिलांचा समुद्र तिला इथे मिळाला नाही. ज्या आवाजाला ती घर समजत आली होती तो दुसऱ्याच बेटाचा होता, आणि त्या बेटावर आता कुणी राहत नव्हते. तिला रडू येईल असे वाटले, आले नाही. तोआकाईचा उबदार, तेलकट दंड तिच्या दंडाला टेकला होता.

बाउरो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि सभा सुरू झाली. पहिला शब्द त्याने उच्चारला तो छपराबद्दल. पश्चिमेची पाखी गळत होती. पुढचे जहाज येण्याच्या आत ती पानांनी नव्याने शिवायला हवी होती.

“हे काम आपलं,” तोआकाई कुजबुजली. “पश्चिमेचं छप्पर पश्चिमेवाल्यांनी शिवायचं. उद्या उजाडता ये. पाहुण्यांना उशीर चालतो, तुला चालायचा नाही.”

“शाळा आहे उद्या.”

“मग शाळेच्या आधी ये. पानं शिवता येतात?”

“नाही.”

“सॉलोमनमध्ये घरांवर काय घालता तुम्ही, आभाळ?”

“पत्रे,” रेरेआओ म्हणाली.

“पत्रे,” तोआकाईने शेजारणीला सांगितले, आणि शेजारणीने पलीकडचीला. पश्चिमेच्या अख्ख्या रांगेतून तो शब्द हसत हसत पुढे गेला. रेरेआओ त्या हसण्यात बसून राहिली आणि पानांची सुई कुणाकडे उसनी मिळेल, हे विचारण्यासाठी थोडी वाकली.