हललं तरच फोटो

मित्रांनो, मी जुना वेबकॅम आहे. माझी क्लिप तुटलीय, म्हणून रबर लावून मला कपाटाला बांधलंय. कुठल्या कारखान्यात बनलो ते आठवत नाही. आठवतं ते लालबागचं हे घर. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लास माझ्यावरच चालायचे, तेव्हा सगळे मला कापडाने पुसायचे. शाळा उघडल्या आणि मी गेलो ड्रॉवरमध्ये. मग कोणी विचारलं पण नाही.

पुढे घरातली आई, धुरपदाबाई, अंथरुणाला खिळली. तिची मुलगी रजनी लांब, मध्य प्रदेशात देडतलाईला दिलेली. ती पोटुशी, डॉक्टरने पलंगावरून उतरायचं नाही सांगितलेलं. "मला आईला बघायचंय," एवढंच ती फोनवर म्हणायची. मग तिचा धाकटा भाऊ विपुल याने मला बाहेर काढलं, जुन्या कंप्युटरला जोडलं आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. समोर काही हललं की मी फोटो घ्यायचा, तो नेटवरून रजनीच्या मोबाईलवर जायचा. काही हललं नाही तर फोटो नाही.

सुरुवातीला आई हात हलवायची, पाणी मागायची. फोटो जायचे. नंतर ती हलेनाशी झाली. दिवसभर तिचे उघडे डोळे माझ्यासमोर, आणि फोटो एकही निघत नव्हता.

मग ती गेली.

खाटेजवळ तिच्या नावाने दिवा लावला. तो दहा दिवस विझू द्यायचा नसतो. रजनीला येता येईना. ती म्हणाली, "कॅमेरा बंद नको करू. मी इथूनच बसते आईजवळ."

तेव्हापासून सॉफ्टवेअर पडायला लागलं. चालू केलं की थोड्या वेळात बंद. विपुलने वायर बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. परत बंद.

"क्या यार, अभी तो चालू केलं होतं."

"मशीनला पण सुतक लागलं असेल," दारातून त्याचे वडील, नाना, बोलले.

"नाना, तुम्ही जा बरं."

तेवढ्यात रजनीचा फोन. "विपुल, आई भिंतीला टेकून बसलीय. डोक्यावर पदर आहे. मान हलवतेय."

विपुल हळूच मागे वळला. खाटेवर गादीची वळकटी होती, तिची सावली भिंतीवर. ज्योत हलली की सावली मान डोलवायची. मला ती किती वेळची दिसत होती.

त्याने फोल्डर उघडलं. फोटोच फोटो. ज्योत थरथरली की मी फोटो घेत होतो, आणि एवढे पाठवता पाठवता सॉफ्टवेअर गुदमरून पडत होतं. विपुलने कंदिलाची काच आणून दिव्यावर ठेवली. ज्योत सरळ झाली. सावली थांबली. सॉफ्टवेअर पडलं नाही.

"झालं ताई. ठीक केलं."

"पण फोटो येत नाहीत."

"काही हलतच नाही तर कसे येणार?"

रजनी म्हणाली, "आई होती तेव्हा पण येत नव्हते. मला वाटायचं झोपली असेल. जागी होती का रे?"

विपुलने खाटेकडे बघितलं. "हो."



"काच काढ," ती म्हणाली.

"परत पडेल ताई."

"मग तू उठव त्याला."

त्याने काच काढली. सावली पुन्हा डोलायला लागली. विपुल कीबोर्ड मांडीवर घेऊन खाली बसला. पडलं की चालू, पडलं की चालू. ताट पण तिथेच आणलं. नाना येऊन शेजारी बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

दहाव्या दिवशी दिवा उचलला, वळकटी नेली. मी अजून चालू आहे, रजनी मला बंद करू देत नाही. कधी भर दुपारी, खिडक्या लावलेल्या असताना, खोलीत कोणी नसताना, माझ्यातून एक फोटो निघतो. त्यात फक्त भिंत असते. काय हललं, ते मला विचारू नका.

मित्रांनो, मला पुसा, नाहीतर नका पुसू. पण घरात कोणी न हलता पडून असेल तर फोटोची वाट बघू नका. जवळ जाऊन बसा. जाता येत नसेल तर फोन लावा आणि विचारा, जागी आहे का.