मास्कची तिसरी पायरी

आमचे हे क्रेन चालवायचे. वर लोखंडी तुळई लटकतेय, खाली माणसं, अशा मोक्याला यांना डुलकी लागली. कंपनीने खाली उतरवलं. झोपेत यांचा श्वास अडकतो, असा शोध डॉक्टरांनी लावला. मला ते बत्तीस वर्षं माहीत होतं, पण मला कोण विचारतंय!

श्वासाचं मशीन घरी आलं. महिनाभर रोज किमान चार तास मास्क लावायचा, मग दवाखान्यातल्या समुपदेशक बाई सही करणार आणि क्रेन परत मिळणार. पहिल्याच रात्री यांनी मास्क भिरकावला. "गुदमरवून मारताय काय मला?" जसं काही आजवर मोकळा श्वास घेत होते.

बाई वयाने लहान, पण समजूतदार. "काका, भीती हळूहळू जाते. आधी मास्क नुसता हातात धरा. मग मशीन बंद ठेवून तोंडावर लावा. मग मशीन चालू करून, जागेपणी, टीव्ही बघताना. आणि मग झोपताना."

हे तिसऱ्या पायरीवर जे बसले, ते हलायला तयार नाहीत. रोज चार तास टीव्ही, तोंडावर मास्क. तोंड उघडता येईना, त्यामुळे माझा संसार एकदम सुखाचा झाला. झोपायची वेळ झाली की मास्क खुंटीला आणि घोरणं सुरू.

"अहो, ते झोपताना लावायचं असतं."

"मशीन तास मोजतं, झोप नाही. तू अक्कल शिकवू नकोस."

असा महिना भरल्यावर बाईंनी मशीनमधल्या नोंदी पाहिल्या. "वा काका! एकही दिवस चुकला नाही." हे नवरदेवासारखे फुलले. "बसा, दाखला लिहिते."

बाई लिहीपर्यंत यांची मान छातीवर. एक घोरणं, दुसरं, मग श्वासच बंद. बाईंचं पेन थांबलं. बऱ्याच वेळाने गचका देऊन श्वास परत आला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दमलेत हो, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण क्रेनखाली उभी राहणारी माणसं डोळ्यांपुढे आली.

"टीव्हीपुढे लावतात," मी म्हटलं. "झोपताना एकदाही नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"झाली सही?" हे दचकून जागे झाले.

"चौथी पायरी राहिलीय, काका. अजून एक महिना."

घरी येईपर्यंत माझ्याशी अबोला. झोपताना मात्र मुकाट्याने मास्क चढवला, पाठ फिरवली आणि आतून काहीतरी पुटपुटले. शब्द कळले नाहीत. आशीर्वाद नसावा.