पितळेची खिटी

शरदने शेवटचा स्क्रू आवळला, मोटरसायकल सुरू केली आणि उजवी मूठ थोडी पिळली. मग मुठीजवळ बसवलेली पितळेची खिटी तळव्याने दाबून त्याने हात काढून घेतला. मूठ पिळलेलीच राहिली. इंजिन एका सुरात चालू राहिलं.

"हे बघा, अण्णा. खालून तळव्याचा धक्का दिला की सुटते. बोटांचं कामच नाही."

भास्करअण्णा ओट्यावर बसून बघत होते. ते शरदच्या बायकोचे, नलिनीचे थोरले भाऊ, धारला शाळा-निरीक्षक. महिन्यातले वीस दिवस सरदारपूरपासून कुक्षीपर्यंतच्या शाळांतून त्यांची फिरती असे. दोन वर्षांपासून उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी नसा सुकताहेत एवढंच सांगितलं, औषध लिहून दिलं नाही. आज देवासला येतानाही त्यांनी तळव्याने मूठ रेटत गाडी आणली होती. चार तास लागले होते.

"शरदराव, आपण मोठं काम केलंत," अण्णा म्हणाले. "आता रिटायरमेंटपर्यंत काळजी नाही."

"ऑफिसात बसायचं काम मागून का घेत नाही?"

अण्णांनी आत नलिनी कुठे आहे ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऑफिसात लिहावं लागतं. फिरतीवर चष्मा विसरलो म्हणतो. शेरा हेडमास्तर लिहितात, मी अंगठ्यात पेन धरून सहीपुरती रेघ ओढतो. गाडी आहे तोवर कुणाला कळत नाही."

शरदने खिटी पुन्हा एकदा दाबून सोडून पाहिली. नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याहून येऊन तो इथल्या कारखान्यात टूलरूमला लागला, तेव्हापासून 'होत नाही' म्हणून एकही काम त्याने परत पाठवलं नव्हतं. ही खिटी त्याने पाच दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून, भंगारातल्या पितळेतून कातून काढली होती.

जेवणाआधी दोघे मक्सीच्या रस्त्याला निघाले. पुढे अण्णा, मागे शरद. वस्ती संपल्यावर अण्णांनी वेग चाळीसवर आणला, खिटी दाबली आणि उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. दोन्हीकडे हरभऱ्याची शेतं मागे जात होती. काटा हलत नव्हता.

"वा," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वा." त्यांचे खांदे सैल झालेले शरदला मागून दिसले.

वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. अण्णांनी खिटी वेळेत सोडली, पायाने ब्रेकही दाबला. पण क्लच दाबला गेला नाही. डाव्या हाताची बोटं दांड्यावरून घसरली. अण्णांनी मनगट अडकवून दांडा ओढायचा प्रयत्न केला. गाडी दोन हिसके देऊन कळपाच्या तोंडाशी बंद पडली. शरदने दोन्ही पाय टेकून ती सावरली.

"क्या हुआ, भिया?" बकऱ्यांमागच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"कुछ नहीं. आप निकाल लो," शरद म्हणाला.

कळप जाईपर्यंत दोघे तसेच बसून राहिले. अण्णांचा डावा हात दांड्यावर उघडा पडला होता. शरदने आज पहिल्यांदाच तो नीट पाहिला. अंगठ्याखालचं मांस उजव्या हातासारखंच ओसरून गेलं होतं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. दुसऱ्या गिअरवरच ठेवतो. क्लच फारसा लागत नाही."

"अण्णा, एखादं पोर मध्ये आलं असतं तर?"

अण्णांनी मान हलवली. मग मागे न वळता म्हणाले, "डाव्या हातासाठीही असंच काही करता येईल का?"

शरदने क्लचच्या दांड्याकडे पाहिलं. तिथून निघालेली केबल इंजिनपाशी कशी जाते, ते नजरेने पुन्हा पुन्हा तपासलं. दांडा लांब करता येईल. पायाला जोडता येईल. पण पाय किती दिवस?

"तुम्ही मागे बसा," तो म्हणाला.

जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. निघताना नलिनी दारात येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही कुठे निघालात? अण्णा एकटे आले ना?"

"नवीन पार्ट आहे. लांबच्या रस्त्यावर बघायला हवा. संध्याकाळच्या बसने परत येतो."

तिने दोघांकडे पाहिलं. मग आत जाऊन स्वतःची शाल आणली आणि भावाच्या खांद्यांवरून घेऊन पाठीमागे तिची गाठ मारली.

इंदूर मागे पडेपर्यंत अण्णांनी मागच्या सीटचा पट्टा धरून पाहिला. जमेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हात शरदच्या कमरेभोवती घातले. खड्डा आला की हात सुटून बाजूला पडत. अण्णा पुन्हा ते पुढे आणत, मनगटावर मनगट ठेवत. एकदा ते इतके मागे गेले की शरदला गाडी थांबवावी लागली.

बेटमा गेल्यावर रस्ता सरळ झाला. शरदने वेग चाळीसवर आणला, खिटी दाबली आणि मोकळा झालेला उजवा हात पोटाशी आणून अण्णांची दोन्ही मनगटं एकत्र धरली. हात थंड होते, आणि वजनाला फार हलके.



"मंगळवारी सरदारपूरच्या कन्याशाळेत जायचंय," अण्णा त्याच्या कानाशी म्हणाले. "तारीख कळवून बसलोय."

शरदने मनगटांवरची पकड थोडी घट्ट केली. धार अजून तीस किलोमीटर होतं.