उलट्या सैनिकाची नजर

या वयात बाहुल्या कसल्या रंगवतेस, असं कुणी विचारलं की ताईचं डोकंच फिरायचं. "बाहुल्या नाहीत, फौज आहे माझी!" फौज म्हणजे टेबलावरच्या लढाईत मांडायचे प्लास्टिकचे सैनिक, करंगळीच्या पेराएवढे. औषधांचं दुकान बंद केल्यापासून तिला हाच नाद लागला होता, आणि या खेळाच्या क्लबात तिच्या हाताला तोड नव्हती. आधी सगळा सैनिक काळा करायचा, मग त्यावर कपड्यांचे रंग, मग घड्यांमध्ये पातळ शाई सोडायची, कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. डोळे सगळ्यात शेवटी. बुबुळं कायम डाव्या कोपऱ्यात. सरळ समोर बघणारा सैनिक भूत दिसल्यासारखा वाटतो, असं तिचं म्हणणं.

धाकटा भाऊ न्हावी. सलून दुपारी बंद करून तो रोज तिच्याकडे जेवायला यायचा. एक दिवस बघतो तर काय, एका सैनिकाचं बुबुळ गालावर आणि दुसऱ्याचं थेट नाकावर!

"ताई, डॉक्टरांना दाखवून ये ना एकदा."

"अरे, सैनिकाचे डोळे रंगवते मी अजून! माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

झालं, याने विषय सोडला. खरं तर तिथेच हट्ट धरायचा, भांडायचं. पण ताईचं तोंड उतरलेलं त्याला लहानपणापासून बघवत नसे. ती दुपारची आडवी झाली की हा गुपचूप बसायचा. चुकलेलं बुबुळ अंगाच्या रंगाने झाकायचं, डोळ्यात पांढरा ठिपका, त्यावर काळा. रोज वस्तरा धरणारा हात, जराही हलत नसे. क्लबात वाहवा व्हायची आणि ताई फुलून घरी यायची. आता याला माया म्हणायचं की मूर्खपणा, तुम्हीच ठरवा.

नव्या तुकडीचे टोप मात्र भलतेच रुंद निघाले. ब्रश आत जाईना, म्हणून या पठ्ठ्याने सैनिक उलटे धरले, डोकं खाली, पाय वर, आणि नेहमीसारखं बुबुळ डावीकडे टेकवलं. उलट्या सैनिकाचं डावं म्हणजे सुलट्याचं उजवं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी क्लबात समोर खेळायला दंतवैद्य होते. भिंग लावून ते फौज न्याहाळत होते. मध्येच त्यांना हसू फुटलं. "ताई, तुमच्यात फूट पडली की काय? जुने सगळे डावीकडे बघतायत, नवे उजवीकडे!"

ताईने एक सैनिक उचलून डोळ्यांजवळ नेला. आणखी जवळ नेला. मागे उभा असलेला भाऊ हळूच दाराकडे सरकला.

"दोन्हीकडे पहारा ठेवलाय," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा?"

सगळे हसले, खेळ सुरू झाला आणि ती जिंकलीसुद्धा. मग भावाला घेऊन ती तडक घरी आली. दार लावून घेतलं आणि मग विचारलं, "कधीपासून?"

"बरेच महिने झाले," तो पुटपुटला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"वाईट? अरे गाढवा, मला कडा धूसर दिसतात, अक्षरं वाकडी दिसतात. रोज ठरवायचे, उद्या जाऊ डॉक्टरांकडे. मग क्लबातले म्हणायचे, काय डोळे रंगवलेत! की मला वाटायचं, छे, उगीच घाबरतेय मी." तिचा आवाज चिरकला. "तुझी माया मला आंधळी करत होती रे."

त्याला रडू आवरेना. ताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग हात तिथेच ठेवला.

"रडतोस काय? डॉक्टरांचा नंबर लाव. माझ्या फोनवरचे आकडे मला दिसत नाहीत."