वडिलांचा रकाना

ओयांग मॅडमचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. माझ्या मुलीचे, लानचे, परदेशी विद्यापीठांचे अर्ज पैसे घेऊन त्या भरणार, आणि त्यासाठी उघडलेल्या ईमेलचा पासवर्ड मात्र मुलीलाही देणार नाहीत. "काका, सगळेच असं करतात," त्या हसून म्हणाल्या. सगळेच करतात म्हटलं की मी आणखी सावध होतो. श्यांगयांगच्या स्मशानगृहात मी भट्टी सांभाळतो. मृताच्या पायाला बांधलेली नावाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय दार उघडत नाही.

बायको चिडायची. "उकळलेल्या पाण्याचाही संशय येतो तुम्हाला! लानचं वाटोळं करू नका."

तरी मी तीनदा ऑफिसात जाऊन बसलो. चौथ्यांदा कंटाळून मॅडमनी अर्जासोबत जाणारं लानचं मनोगत छापून हातावर टेकवलं. मला इंग्रजी येत नाही. बाहेर पायरीवर बसून कागदावर मोबाइल धरला, तशी अक्षरं चिनी होत गेली. दुसऱ्याच परिच्छेदात होतं, 'मी नऊ वर्षांची असताना माझे वडील खाणीत वारले.'

मी तसाच आत गेलो. "मॅडम, हा वारलेला माणूस तुमच्यासमोर उभा आहे."

त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही वडील? मी तुम्हाला तिचे काका समजत होते!"

पहिल्या दिवशी मी 'लानच्या घरचा' एवढंच म्हणालो होतो, हे खरं. नोकरी कुठे, असं कुणी विचारू नये म्हणून मी ओळख अर्धीच देतो.

मॅडमनी लानने भरलेला फॉर्म काढला. आई : शिन चुन्मेई, चपलांच्या दुकानात विक्रेती. वडील : कोरं. नावसुद्धा नाही.

"खाण मी घातली," त्या हळूच म्हणाल्या. "वाचणाऱ्याला भिडावं म्हणून. पण वडील नाहीत का, असं मी लानला विचारलं होतं."

आता माझा संशय मॅडमवरून उठून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लानला नूडल्सच्या दुकानात नेलं. दोन वाट्या बीफ नूडल्स समोर आल्या. तिने चॉपस्टिक्स उचलल्या नाहीत.

"मी मेलो, असं तू सांगितलंस?"

"नाही, बाबा. रकाना रिकामा सोडला, एवढंच."

"आणि मॅडमनी विचारलं तेव्हा?"

"गप्प बसले."

"लाज वाटते?"

"तिसरीत शाळेच्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं, वडील स्मशानगृहात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीच्या आईने बाक बदलून मागितलं. तेव्हापासून रकाना कोराच सोडते."

हे मला कधीच कळलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही, पण समजूतही घातली नाही.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच ऑफिसात जाऊन पासवर्ड घेऊन आली. दोन अर्ज आधीच गेले होते. मनोगतात खोटं आहे, असं तिने दोन्हीकडे स्वतः कळवलं. एका विद्यापीठाने अर्ज रद्द केला, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. स्कॉटलंडच्या तिसऱ्या विद्यापीठाची मुदत शिल्लक होती. तिथे तिने नवं मनोगत लिहिलं.

ती अंघोळीला गेल्यावर मी त्यावरही मोबाइल धरला. त्यात होतं, 'माझ्या वडिलांना कुणी लग्नाला बोलवत नाही. आईला एकटीला पाठवून ते घरी मासा शिजवतात आणि मला सांगतात, लग्नातलं जेवण बेचव असतं.'

म्हणजे बेचव जेवणाचं माझं खोटं हिने तेव्हाच ओळखलं होतं.

मे महिन्यात स्कॉटलंडहून होकार आला, सप्टेंबरात ती गेली. गेल्या रविवारी फोनवर मी विचारलं, "तिथे वडिलांचं काय सांगतेस?"

"खरं तेच."

"मग? काय म्हणतात?"

"काही नाही, बाबा. ऐकतात आणि चल जेवायला म्हणतात."

मागे मुली हसत होत्या. माझा संशय जाईना. मी म्हटलं, त्यातल्या चिनी येणाऱ्या एकीला फोन दे बघू.