अमरावतीचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. हसू नका! मी पत्र्याचा आहे. खरं सांगायचं तर पत्र्यातलं भोक आहे. पण ह्या भोकावरून रंगाचा कुंचला फिरवला की पोत्यावर जो ताठ तुऱ्याचा कोंबडा उमटतो ना, तो मी.

त्रेपन्न साली अकोल्यात डबे-कंदील दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं रॉकेलच्या डब्यातून मला कापलं. डोळा तेवढा ठेवला नाही. "डोळा ठेवला तं तो तुकडा गळून पडन बाप्पा," म्हणाला. म्हणून मी बिनडोळ्याचा. पण तोरा बघा माझा!

मालधक्क्यामागच्या गोदामात आम्ही तीन भावंडं कामाला लागलो. अमरावतीच्या पोत्यावर मी, अचलपूरच्या पोत्यावर कासव, अन् अकोल्यातच उतरायच्या मालावर छत्री. हमालांना अक्षरओळख नव्हती, त्यावाचून अडतही नव्हतं. "कोंबडा इकडं! कासव तिकडं!" अशी हाळी उठायची अन् पोतं बरोबर आपल्या मोटारीत जाऊन पडायचं. हमालांचा म्होरक्या बुधाजी तर अमरावतीच्या ड्रायव्हरला कोंबडेरावच म्हणायचा.

रंग लावायची चतुराबाई. काजळी अन् जवसाचं तेल खलून ती रंग करायची आणि माझ्यावरून एकच हात फिरवायची. ओघळ म्हणून येऊ द्यायची नाही. छप्पन साली नवऱ्याबरोबर, डोमाजीबरोबर, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. कामावर आल्या आल्या मुनीम "ए चतुरे" म्हणाला, तर तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चतुराबाई" म्हटल्यावरच कुंचला उचलला. त्या दिवसापासून ती बाई मला फार आवडली.

हा मुनीम म्हणजे शालिकराम. साठ साली महाराष्ट्र झाला, जिकडेतिकडे मराठी पाट्या रंगू लागल्या, अन् ह्याच्या अंगात वारं शिरलं. "कोंबडे न् कासवं! हे गोदाम हाय का जत्रा? आता मराठी अक्षरं!" पोत्यावर गावाचं पहिलं अक्षर टाकायचं ठरलं. अन् मग काय विचारता! अमरावतीचा अ, अचलपूरचा अ, अकोल्याचाही अ! दुसरा कुणी असता तर डोकं खाजवत बसला असता. हा खूश! "एकाच पत्र्यात तिन्ही गावं!" रंग तेवढे वेगळे: अमरावतीला निळा, अचलपूरला हिरवा, अकोल्याला काळा.

कासव अन् छत्री भंगारात गेली. माझी कोरी कड उंदराच्या बिळावर येईल अशी मला खिळे ठोकून बसवलं. मी, अमरावतीचा कोंबडा, उंदरं राखायला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

तरटावर निळा काय, हिरवा काय, वाळला की सगळा काळाच दिसतो. पेरणीच्या तोंडावर अचलपूरचं भुईमुगाचं बियाणं अमरावतीला गेलं अन् अमरावतीचा माल अकोल्यातच पडून राहिला. अचलपूरचे व्यापारी मोतीराम बसनं येऊन धडकले. "मले पेरणीच्या आधी बियाणं पायजे!" त्यांनी गोदाम डोक्यावर घेतलं.

मुनिमानं सरळ बोट दाखवलं. "ह्या बाईनं रंग चुकवला." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "सर्वायसमोर म्हण, चूक माही झाली. नाहीतं उद्यापासून येऊ नको."

डोमाजीला त्या साली काम नव्हतं. घर ह्याच कुंचल्यावर चालायचं. एक वाक्य बोलून तिला सुटता आलं असतं. मी बिळावरून मनातल्या मनात ओरडत होतो, बाई, म्हणू नको!

"कावून म्हणू?" चतुराबाई म्हणाली. "तुमी सांगतला तोच रंग मी लावला. चूक माही असती तं मीच म्हटलं असतं. दुसऱ्याची चूक माह्या तोंडातून नाही निघत."

ती तरातरा माझ्याकडे आली. बुधाजीच्या कमरेचा, पोती ओढायचा लोखंडी आकडा ओढून घेऊन तिनं माझे खिळे उचकटले, धूळ झटकली, अमरावतीच्या एका पडून राहिलेल्या पोत्यावर मला दाबलं अन् कुंचला फिरवला. काय सांगू, किती दिवसांनी अंगातून रंग गेला!

"हे काय करून राहिली तू?" मुनीम ओरडला.

"कोंबडा आला रे!" बुधाजीनं आरोळी दिली अन् पोत्यावर मांडी ठोकून बसला. "मुनीमजी, आता चित्र असल्याबिगर आमी पोतं उचलत नाही. अन् चित्र ही बाईच काढन."

एकेक करत सगळे हमाल बसले. बाहेर मोटारी पोंगे वाजवत उभ्या. मुनीम घामाघूम झाला.

"बरं बाप्पा, काढा चित्रं."

चतुराबाईनं कुंचला खाली ठेवला अन् हात पदराला पुसले.

"अन् चूक?"

"झाली असन चूक."

"कोनाची?"

मुनीम ओठातल्या ओठात पुटपुटला, "माही."

"जोरानं म्हना," बुधाजी म्हणाला.

म्हणाला! मोतीरामांसमोर, हमालांसमोर, जोरानं म्हणाला! मग मोटार अमरावतीला धावली अन् बियाणं पेरणीआधी अचलपूरला पोचलं.

आता सदुसष्ट साल आहे. रंगाचे थर बसून माझा तुरा बुजत चाललाय. हमाल चेष्टेनं मला बदक म्हणतात. म्हणोत! नवा पत्रा कापायला दिलाय; मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला, मी रडणारा नाही. पण जाता जाता एक बजावून ठेवतो. तुमच्या गोदामात, कचेरीत, घरात कुणी एखाद्या बाईला दरडावलं, "म्हण, चूक माझी," तर मुकाट उभे राहू नका. विचारा, कोनाची? अन् उत्तर नीट ऐकू येईपर्यंत एक पोतं उचलू नका.